आधी आपलं मस्टर उघडा, मग पुण्याकडे बघा

पत्र : मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवते. कला आणि वाणिज्य अशा दोनच शाखा. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, श्रेणी ‘बी प्लस’. यंदा आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, समन्वयकपद माझ्या गळ्यात पडलं. आमचे संस्थाध्यक्ष पुण्यातल्या एका नामांकित स्वायत्त महाविद्यालयाच्या कार्यक्रमाला जाऊन आले आणि आता त्यांना त्या महाविद्यालयाशी आपलं ‘बेंचमार्किंग’, म्हणजे त्यांच्याशी ताडून आपलं काम मोजणं, हवं आहे. प्राचार्यांनी तक्ता दिलाय : संशोधन निबंध, पेटंट, प्लेसमेंट, ग्रंथालयावरचा खर्च, निकाल. डावीकडे त्यांचे आकडे, उजवीकडे आमचे. भरायला बसले की लाज वाटते. एक एजन्सी पैसे घेऊन सगळा अहवाल ‘नॅकच्या साच्यात’ बसवून देते म्हणते. स्टाफरूममध्ये सहकारी म्हणतात, ‘अजून एक फाईल, दुसरं काय!’ याचा खरंच उपयोग असतो का? असला, तर आमच्यासारख्यांनी तुलना करायची कुणाशी?
ता. क. प्रथम वर्षाच्या माझ्या वर्गात ऑगस्टमध्ये बाकं पुरत नाहीत आणि जानेवारीत निम्मी रिकामी असतात. पण त्याला तक्त्यात रकाना नाही.

उत्तर :

मॅडम, तुमच्या पत्रातली मुख्य गोष्ट तुम्ही ताजा कलमात टाकली आहे. आधी तक्त्याचं बोलू, म्हणजे तो बाजूला ठेवता येईल.

पुण्याच्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो बारावीच्या टक्क्यांवर, आणि यादी वरच्या वरच बंद होते. स्वायत्त असल्यामुळे अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची. पदव्युत्तर विभाग आहेत, संशोधन केंद्रं आहेत, वसतिगृह आहे, परदेशात स्थिरावलेले माजी विद्यार्थी आहेत. तुमच्याकडे पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या घरांतली मुलं येतात, मंजूर पदांपैकी काही रिक्त असतात आणि ते तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक ओढतात. असे दोन आकडे शेजारी मांडले की त्यातून एवढंच कळतं की तुम्ही पुण्यात नाही. ते अध्यक्षांना आधीच ठाऊक आहे. शेजारच्या पोराचे मार्क ऐकवून आपल्या पोराचा अभ्यास होत नाही, हे घरोघरी माहीत असतं. संस्थेच्या बैठकीत मात्र ते विसरायला होतं. तेव्हा लाज वाटून घेऊ नका. तक्ताच चुकीचा आहे.

पण म्हणून सगळं थोतांड आहे, असं तुमच्या सहकाऱ्यांसारखं मी म्हणणार नाही. बेंचमार्किंगची ही पद्धत मुळात कारखानदारीतून आली. झेरॉक्स ही अमेरिकेतली कॉपीची यंत्रं बनवणारी कंपनी. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिला कळलं की आपल्याला यंत्र बनवायला जेवढा खर्च येतो, साधारण तेवढ्या किमतीला जपानी कंपन्या ते विकताहेत. मग त्यांनी आपलं एकेक काम घेऊन ते सगळ्यात चांगलं कोण करतं, हे शोधायला सुरुवात केली. गोदामातून माल काढून ग्राहकाकडे रवाना करण्याचं काम त्यांचं रडतखडत चालायचं. त्यासाठी ते कुणाकडे गेले असतील? एल. एल. बीन नावाच्या, टपालाने बूट आणि जंगलात भटकायचे कपडे विकणाऱ्या कंपनीकडे. यंत्रांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण ऑर्डरप्रमाणे कपाटांतून माल गोळा करण्याचं काम तिथली माणसं झेरॉक्सच्या माणसांपेक्षा कितीतरी वेगाने करत होती. जास्त खपाचा माल जवळ ठेवायचा, ऑर्डरींची मांडणी अशी करायची की माणसाची चाल कमी व्हावी, असल्या साध्या युक्त्या होत्या. झेरॉक्सने बीनची उलाढाल आणि आपली उलाढाल असा तक्ता केला नाही. एक काम उचललं, त्या कामात पटाईत असलेलं माणूस शोधलं आणि ते कसं करतं ते उभं राहून पाहिलं.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या प्राचार्यांच्या तक्त्यात त्यांची सरमिसळ झाली आहे. आकडा ताडायचा तो आपल्यासारख्याशी. रीत मात्र कुणाकडूनही घ्यावी, अगदी महाविद्यालय नसलेल्याकडूनही.

पहिल्या गोष्टीसाठी ब्रिटनचं उदाहरण चांगलं आहे. तिथे १९९९पासून प्रत्येक विद्यापीठातल्या प्रथम वर्षाच्या गळतीचे आकडे जाहीर होऊ लागले. पण नुसती क्रमवारी लावली असती तर श्रीमंत घरांतली हुशार मुलं घेणारी विद्यापीठं कायम वर आणि कामगार वस्तीतली कायम खाली राहिली असती. म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या आकड्याशेजारी त्याचा स्वतःचा एक अपेक्षित आकडा काढून छापत : तुमच्याकडची मुलं कोणते गुण घेऊन येतात, कोणते विषय घेतात, कोणत्या वयाची असतात हे धरून, तशाच मुलांची देशभर जेवढी गळती होते तेवढा. मग प्रश्न एवढाच उरतो, की अशाच मुलांना इतरांनी जेवढं टिकवलं, तेवढं तुम्ही टिकवलं की नाही? ऑक्सफर्डशी तुलना करायची वेळच येत नाही. आपल्याकडे असा हिशेब कुणी आयता करून देत नाही; तुम्हाला तो हाताने, ढोबळ का होईना, करावा लागेल.

आता ताजा कलम. जानेवारीत निम्मी बाकं रिकामी असतात आणि त्याला रकाना नाही, हे तुम्ही अचूक पकडलं आहे. तुम्हाला ‘बी प्लस’ देणाऱ्या नॅकच्या पद्धतीतल्या सात निकषांत अध्यापन आणि मूल्यमापनाचा निकष सगळ्यात वजनदार. संलग्न महाविद्यालयांसाठी १०००पैकी ३५० गुणांचा. पण त्यातला निकालाचा आकडा अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, एवढाच विचारतो. समजा, प्रथम वर्षाला १२० मुलांनी प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला ५० बसली, ४५ उत्तीर्ण झाली. तुमचा निकाल ९० टक्के! फलकावर लावण्याजोगा. पण १२०मधली ४५ म्हणजे साडेसदतीस टक्के, आणि वाटेत गेलेली ७० मुलं छेदातच नाहीत. महाविद्यालय कुणाच्याही नजरेत न येता दरवर्षी अर्ध्याहून जास्त मुलं गमावू शकतं आणि तरीही अहवालात उत्तम दिसू शकतं. मला तरी आपल्या ग्रामीण महाविद्यालयांच्या गुणवत्तेबद्दलचा पहिला प्रश्न हाच वाटतो. पेटंट नंतर बघू.

तेव्हा बेंचमार्किंगसाठी एकच काम निवडा : प्रथम वर्षातून द्वितीय वर्षात किती मुलं पोचतात. अध्यक्षांच्या तक्त्यातले बाकीचे रकाने वर्षभर विसरा.

आणि आधी आपलाच आकडा काढा. आपला आकडा हाताशी नसताना दुसऱ्याकडे जाणं म्हणजे सहल. कार्यालयातून गेल्या तीन वर्षांच्या प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या याद्या घ्या, जनरल रजिस्टर आणि परीक्षा अर्जांच्या याद्या घ्या आणि पुढच्या वर्षी न दिसलेल्या प्रत्येक मुलाला चारपैकी एका गटात टाका. टीसी काढून दुसऱ्या महाविद्यालयात गेलेली मुलं पहिल्या गटात, वेगळी. ती गळती नव्हे. परीक्षेचा अर्जच न भरलेली दुसऱ्या गटात. अर्ज भरला पण परीक्षेला आलीच नाहीत किंवा इतके विषय राहिले की पुढे जाता आलं नाही, ती तिसऱ्या. चौथ्या गटात पुढच्या वर्गाला पात्र असूनही जूनमध्ये प्रवेशाला न फिरकलेली. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे, हे खरं; पण रीतसर प्रमाणपत्र घेऊन गेलेला मुलगा आणि न सांगता नाहीसा झालेला मुलगा यांना एका ओळीत बसवू नका. तसा मोह पुढे अनेकांना होणार आहे.

मग वर्गाच्या मस्टरमधून प्रत्येकाची शेवटची हजेरी कोणत्या महिन्यातली ते पाहा. मुलगे आणि मुली वेगळे मोजा, आणि गावाचं नाव लिहा. बीडमध्ये ही यादी काय सांगेल याचा थोडा अंदाज मला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. एक ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि घरात माणूस कमी पडलं की कॉलेजातलं पोरगं जातं किंवा मागे राहिलेली धाकटी भावंडं, म्हातारी माणसं आणि जनावरं पोरीवर पडतात. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरला गळणारे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गळणाऱ्या मुलींचं कारण बहुतेकदा लग्नपत्रिकेवर छापलेलं असतं. पोलीस भरतीच्या तयारीला गेलेली मुलं आणखी वेगळी. प्रत्येकाला उपाय वेगळा लागतो. ‘गळती ४५ टक्के’ एवढ्या एका आकड्याला उपायच नसतो. माझा अंदाज चुकेलही. म्हणून तर यादी करायची.

सोबतीला कोण घ्यायचं? आपल्यासारखं, पण आपल्याहून जास्त मुलं टिकवणारं. शोधायला वेळ फार लागत नाही. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, भाग घेणाऱ्या महाविद्यालयांना आपली भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात एका ओळीत दिसतं : अमुक वर्षी प्रथम वर्षाला किती प्रवेश झाले आणि त्यातले किती ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले. नॅकचा रकाना जे झाकतो, ते इथे उघडं पडतं. भाग न घेणाऱ्यांचे एसएसआर आणि एक्यूएआर, म्हणजे नॅकला दिलेले स्वयंमूल्यांकनाचे आणि वार्षिक अहवाल, असतात. त्यांतून वर्षनिहाय विद्यार्थिसंख्या काढता येते. जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डीकडचा भाग, जिथे पाऊस, शेती आणि स्थलांतर तुमच्यासारखंच आहे, तिथली अनुदानित, कला-वाणिज्यची, साधारण तुमच्याच आकाराची महाविद्यालयं चाळा. दोन-तीन नावं हाती लागली तरी पुष्कळ.

शेजारच्या तालुक्यातलं मात्र नको. बारावीची तीच मुलं दोघांनाही हवी असतात. तिथे चहा मिळेल, माहिती मिळणार नाही. राष्ट्रकुल देशांतल्या विद्यापीठांनी १९९६पासून असा एकमेकांकडून शिकण्याचा गट चालवला, त्याचं एक बळ हेच होतं की सदस्य वेगवेगळ्या देशांतले असत आणि कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नव्हतं. तुम्हाला देश ओलांडायची गरज नाही, पण एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासाइतकं अंतर असू द्या.

जाताना प्राचार्यांचं पत्र घ्या आणि त्यासोबत तुमचे चार गटांचे आकडे आधी पाठवा. वाईट असले तरी, किंबहुना वाईट आहेत म्हणूनच. आपलं दुखणं आधी सांगणाऱ्याला समोरचा खरं बोलतो. आकडे लपवून गेलात तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये पीपीटी दाखवतील आणि शाल-श्रीफळ देऊन परत पाठवतील. त्यांचं नाव तुमच्या अहवालात घालायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. तिथे गेल्यावर केबिनमध्ये कमी वेळ बसा. प्रवेशाच्या खिडकीवरचा लिपिक, महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारा माणूस, ग्रंथालयातला शिपाई, वर्गशिक्षक आणि गळता गळता परत आलेली दोन-चार मुलं, यांच्याशी बोला. प्रश्न साधे ठेवा. मूल आठवडाभर आलं नाही तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं? मग फोन कोण करतं, कुणाच्या खिशातून? तुम्ही काय करून पाहिलं आणि सोडून दिलं? शेवटचा प्रश्न विसरू नका. फसलेल्या गोष्टी अहवालांत छापत नाहीत, आणि तुमचं वर्ष त्यांनीच वाचेल.

आता रीत कुणाकडूनही घ्यावी, याबद्दल. तुमचा एल. एल. बीन कदाचित तुमच्याच गावात आहे : जिल्हा परिषदेची शाळा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिच्यात दोष आहेत, अनुदान उशिरा येतं, कागदावरची मुलं आणि ताटावरची मुलं जुळत नाहीत अशा तक्रारीही असतात. पण तिच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी तुमच्या महाविद्यालयात बहुधा नाही : टोळ्या निघायच्या आधी कोणाचं घर जाणार आहे, याची यादी करायची. शाळेचे गुरुजी वाड्या-तांड्यांवर फिरून ती करतात. कॉलेजला मूल गेल्याचं कळतं जानेवारीत, बाक रिकामं दिसल्यावर. तुमच्या पट्ट्यातल्या एखाद्या मुख्याध्यापकांना भेटा आणि ती यादी कशी करतात ते विचारा. सप्टेंबरमध्येच नावं हाती असतील तर परीक्षा अर्ज जाण्याआधी भरून घेता येतात, अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा मागेपुढे करता येतात, उसाच्या फडावर असलेल्या मुलाला व्हॉट्सअॅपवर धडे पाठवता येतात, आणि ‘परीक्षेला यायचंय, तारीख अमुक’ असा फोन करता येतो. सगळी थांबणार नाहीत. काही परत येतील.

दुसरं उदाहरण लांबचं. अमेरिकेत अटलांटाला जॉर्जिया स्टेट विद्यापीठ आहे. तिथेही गरीब घरांतली, पहिल्या पिढीची मुलं पुष्कळ. २००३ साली तिथे सहा वर्षांत पदवी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण ३२ टक्के होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते ५०च्या वर गेलं. त्यांनी अनेक गोष्टी केल्या, पण मला लक्षात राहिली ती ही : दर सत्रात फी थकली म्हणून शेकडो मुलांची नावं कमी होत होती आणि त्यातल्या कित्येकांची थकबाकी अगदी किरकोळ होती. २०११पासून विद्यापीठाने ती लहानसहान तूट स्वतःच भरायला सुरुवात केली. मुलाने अर्ज करायची वाट न पाहता. तुमचं कार्यालय आपले कर्मचारी आणि माजी विद्यार्थी यांच्या मदतीने हे करू शकतं का, ते मला सांगता येणार नाही. पण परीक्षा अर्ज न भरलेल्या मुलांच्या यादीसमोर ‘किती रुपये बाकी’ असा एक रकाना जोडायला काही खर्च येत नाही.

एक सावधगिरी. दुसऱ्याचा उपक्रम उचलताना त्याचं नाव न आणता आतलं यंत्र आणा. ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली गोष्ट खरी, मुलं खरोखर राबून शिकली. आज त्या नावाच्या पाट्या पुष्कळ दिसतात. पाटीमागे कामाचे तास किती आणि पैसे मुलाच्या हातात कोणत्या तारखेला, हे विचारलं की संभाषण थंडावतं.

अध्यक्षांना हे सगळं कसं सांगायचं, हा तुम्ही न विचारलेला पण खरा प्रश्न. ‘पुण्याशी तुलना चुकीची आहे’ असं बैठकीत म्हणू नका. माणूस उत्साहाने काही घेऊन आला आहे, त्याच्या उत्साहाला जागा द्या. वरच्या १२०, ५०, ४५च्या जागी तुमचे स्वतःचे तीन आकडे एका कागदावर लिहून न्या आणि म्हणा, ‘सर, बेंचमार्किंगची सुरुवात इथून करू या.’ संस्थाचालकांना विद्यार्थिसंख्येची भाषा लगेच कळते, कारण तुकडी आणि पदांची मान्यता तिच्यावर टिकते. हा हेतू फार उदात्त नाही, पण काम होतं. प्राचार्य बिचारे दोन्हीकडून दबलेले असतात. कागद आधी त्यांना दाखवा.

एजन्सीला नाही म्हणा. तक्ता सुंदर येईल, पण त्यातला एकही आकडा तुमच्या मुलांपैकी कुणाला वर्गात परत आणणार नाही. शिवाय कुणीतरी एक दिवस तो तपासतो. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ अमेरिकेतल्या एका गाजलेल्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. २०२२ साली तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकांनी, मायकेल थॅडियस यांनी, वर्गांचा आकार वगैरे आकडे जुळत नसल्याचं दाखवून दिलं. विद्यापीठाला चुका कबूल कराव्या लागल्या आणि त्याच वर्षी ते १८व्या क्रमांकावर आलं. हे अध्यक्षांना जरूर सांगा, आवाज न चढवता.

सहकाऱ्यांची कुरकुर मला रास्त वाटते. फाईली त्यांनी फार पाहिल्यात. त्यांच्याकडून नवीन काहीही भरून घेऊ नका. मस्टर ते भरतातच. प्रत्येकाला फक्त आपल्या वर्गातली आठवडाभर न आलेली नावं शनिवारी तुम्हाला द्यायला सांगा, आणि पुढचे फोन तुम्ही, एनएसएसची दोन चुणचुणीत मुलं आणि तयार असेल तो एखादा सहकारी मिळून करा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर हे लादू नका. त्यांना त्या तासाचे पैसे मिळत नाहीत.

आणि नॅकचं म्हणाल तर, हे काम तिथेही वाया जात नाही. उत्तम उपक्रमाच्या नमुन्यात उद्दिष्ट, पार्श्वभूमी, प्रत्यक्ष काम, यशाचा पुरावा आणि अडचणी अशी कलमं असतात. बहुतेक महाविद्यालयं वृक्षारोपण आणि रक्तदान लिहून मोकळी होतात आणि अडचणींपुढे ‘निधीची कमतरता’ एवढंच असतं. तुमच्याकडे तीन वर्षांच्या याद्या असतील, महिन्यावार हजेरी असेल, दुसऱ्या महाविद्यालयाचं पत्र असेल, आणि अडचणींच्या रकान्यात खरोखरच्या अडचणी असतील. तो भाग तुम्हीच लिहा, तुमच्या मराठीत. इंग्रजी मग कुणाकडूनही करून घेता येईल.

पत्रावर तारीख नाही, त्यामुळे तुमच्या हातात किती दिवस आहेत ते कळलं नाही. दसरा अजून लांब असेल तर दौऱ्याच्या आधी यादीला लागा. तो होऊन गेला असेल, तर यंदाची रिकामी बाकं मोजून ठेवा आणि कारण विचारायला फोन करा; फडावर संध्याकाळनंतरच फोन लागतो.